डिझेल घ्यायचं तर

मांडवगण फराट्यात ट्रॅक्टर अडला की लोक मेकॅनिकला बोलावीत, आणि मेकॅनिक अडला की तो आनंदरावांना बोलावी. तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यावर आनंदरावांनी निवृत्त होईपर्यंत आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग चालवला होता. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या निम्म्या गॅरेजांमधले हात पहिल्यांदा काळे झाले ते त्यांच्याच कार्यशाळेत. गावात ते सगळ्यांचे आप्पा होते. गॅरेजवाल्यांचे मात्र अजूनही सर. म्हणून घरात पहिली चारचाकी घ्यायचे ठरले तेव्हा पेट्रोल की डिझेल हा प्रश्न त्यांच्यापुढे येणार हे उघड होते, आणि उत्तर काय येणार हे त्याहून उघड होते.

“इचारायचं कशाला?” त्यांचा मुलगा रविराज म्हणाला. “ट्रॅक्टर डिझेलचा, नदीवरचं जुनं इंजिन डिझेलचं, शेडात डिझेलचं बॅरल. म्हशी सोडल्या तर घरात समदं डिझेलवरच चालतंय.”

“म्हशींनीबी धूर काय थोडा खाल्लाय व्हय,” त्याची आई सारजाबाई म्हणाल्या.

आनंदरावांची सून अनुपमा चहाचे कप गोळा करता करता ऐकत होती. ती नुसतीच हसली. या घरात गाडीच्या इंधनाशी सर्वांत मोठा संबंध तिचाच होता, आणि तो कोणी अजून मोठ्याने बोलून दाखवला नव्हता.

अनुपमाने लग्नाआधी लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. लेक तेजश्री शाळेत रुळल्यावर तिने जुनी पुस्तके पुन्हा काढली, आणि आता दौंडातल्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळत होती. अट एकच होती. सकाळी सातला तिने हजर असले पाहिजे, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसे ताटकळत ठेवता येत नाहीत. पहाटेच्या एसटीचा भरवसा नव्हता. स्कूटीचा विषय सारजाबाईंनी पहिल्याच दिवशी मिटवला होता: दोन्ही अंगांना ऊस, उसात बिबट्या, आणि रस्त्यात दिव्यावाचून चालणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. “बिबट्या काय लायसन बघून सोडतोय व्हय?” त्या म्हणाल्या होत्या.

तेव्हा चारचाकी अनुपमाला मिळाली तरच नोकरी, नाही तर नाही. रविराजचा नोकरीला विरोध नव्हता. “कर की, मी कवा न्हाई म्हणलंय?” तो म्हणे. “पण गाडी मला रोज लागती. डेअरी हाय, कारखान्याचं हापिस हाय, रानात चक्कर हाय.” हे बोलणे गोड होते आणि त्यात तिच्यासाठी जागा नव्हती.

आनंदराव दोघांचेही ऐकून घेत. निर्णय घाईने द्यायचा नाही, ही त्यांची सवय घरच्यांना ठाऊक होती.

रविवारी ते रविराजला घेऊन शिरूरला शोरूममध्ये गेले. तिथला विक्रेता सुमित तरुण आणि सरळ होता. रविराज डिझेल गाडीच्या स्टिअरिंगवर बसून आरशात स्वतःला पाहत असताना सुमित आनंदरावांना म्हणाला, “काका, एक सांगून ठेवतो, नंतर बोल नको. आताच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरायची जाळी असते. गाडी लांब पळाली की जाळीतली काजळी जळून जाते. नुसती गावात फिरली तर जाळी तुंबते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि गाडी हायवेला न्यावी लागते.”

“आपलं रान हायवेलाच हाय,” रविराज आतूनच म्हणाला.

“हायवेला असणं वेगळं, हायवेवर पळणं वेगळं,” आनंदराव म्हणाले. त्यांनी सुमितकडून गाडीसोबत येणारे माहितीपुस्तक मागून घेतले आणि काजळीच्या जाळीचे पान दोनदा वाचले. त्यांच्या काळातली इंजिने काजळी आभाळात सोडून मोकळी होत. ही नवी इंजिने ती पोटात सांभाळत होती. सुधारणा चांगलीच होती. पण पोटात सांभाळायचे म्हणजे वेळेवर पचायलाही हवे.

कार्यशाळेत त्यांचा एक नियम असे: भार लावल्याशिवाय इंजिन पास करायचे नाही. उभे इंजिन कोणतेही गोडच वाजते. त्याला त्याच्या रोजच्या कामाला जुंपले की खरे काय ते कळते. हाच नियम त्यांनी घराला लावायचे ठरवले. सारजाबाईंचे धाकटे भाऊ पोपटराव वडगाव रासाईला राहत. त्यांच्या दारात एक लहान पेट्रोल गाडी बहुतेक वेळ कापडाखाली झाकलेली असे. आनंदरावांनी ती आठवड्यासाठी मागितली.

“न्या की दाजी,” पोपटराव फोनवर म्हणाले. “पण गाडी घ्यायच्या आधी दुसऱ्याची वापरून बघायची, ही तऱ्हा न्यारीच हाय. बहीण देताना आमाला न्हाई असली सवलत घावली.”

“तुम्हांला नव्हे, आम्हांला घ्यायला हवी होती ती सवलत,” आनंदराव म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या सारजाबाईंनी लसूण सोलता सोलता त्यांच्याकडे एकवार पाहिले.

गाडी आली. रविराज तिच्यावर खूश होता. सकाळी डेअरीला, मग पतसंस्थेत, दुपारी रानात, संध्याकाळी चौकात. तो परत आला की आनंदराव ओसरीवरून उठत आणि बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहत. बॉनेट दर खेपेला कोमट असे, आंघोळीचे पाणी निवून जावे तसे.

“काय बघताय आप्पा? ताप हाय का तिला?”

“तापच न्हाई, हीच तक्रार आहे,” आनंदराव म्हणाले. “इंजिन जागं व्हायच्या आत तू त्याला परत झोपवतोयस.”

रविराजने ते हसण्यावारी नेले.

गुरुवारी आनंदराव अनुपमाला म्हणाले, “चल, दौंडपर्यंत जाऊन येऊ. रस्ता बघू.” तिच्याकडे परवाना होता, हातही बसलेला होता; फक्त गाडी नव्हती. ते तिच्या शेजारी बसले ते सूचना द्यायच्या तयारीनेच. पण भीमेवरचा पूल ओलांडेपर्यंत सूचना देण्याजोगे काही घडले नाही. ती पुढच्या ट्रॉलीच्या मागे घाई न करता थांबे, वाट मोकळी दिसली की ठामपणे पुढे काढी, आणि गियर टाकताना इंजिन कुरकुरू देत नसे. वर्गात असे हात त्यांना फार थोडे मिळाले होते.

“भीती वाटते का गं?”

“गाडीची न्हाई वाटत आप्पा. सातला पोचले न्हाई तर याची वाटते,” ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “पेट्रोल असो, डिझेल असो, मला त्यातलं काही पाहिजे असं न्हाई. मला वेळेवर पोचायचं हाय.”

दौंडला रेल्वेच्या पुलाजवळ चहा घेऊन ते परतले. दारात गाडी थांबल्यावर आनंदरावांनी सवयीने बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. चांगला चटका बसला होता. तळव्याकडे पाहत ते आत गेले.

शनिवारी रुग्णालयाने अनुपमाला एक दिवस काम करून दाखवायला बोलावले. ते जमले तर एक तारखेपासून रुजू व्हायचे. ती चारलाच उठली. साडी नको म्हणून तिने पंजाबी ड्रेस घातला, डब्यात भाकरी-पिठले भरले, तेजश्रीची वेणी घातली. आनंदरावही उठले होते. आठवडाभर फिरून गाडीची टाकी तळाला गेली होती आणि इतक्या पहाटे जवळचा पंप उघडा नसणार, हे त्यांच्या ध्यानात आले. रिकाम्या टाकीने फाटकाबाहेर गाडी काढायची नाही, हा या घराचा जुना शिरस्ता. ट्रॅक्टर असो, मळणी यंत्र असो, निघण्याआधी आप्पांच्या हातचा कॅन त्यात पडलाच पाहिजे.

ते शेडात गेले. बॅरलला लावलेला हातपंप फिरवून त्यांनी कॅन भरला, खुंटीवरचे नरसाळे घेतले, अंगणातल्या उजेडात गाडीच्या टाकीचे झाकण उघडले आणि कॅन पालथा केला. हात वर्षानुवर्षे हेच करत आले होते. डोक्याला त्यांनी विचारलेच नाही.

झाकण लावता लावता त्यांची नजर आतल्या बाजूच्या चिकटपट्टीवर गेली. तिच्यावर ‘पेट्रोल’ असे लिहिले होते. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासले. पेट्रोल असते तर एव्हाना उडून गेले असते. बोटे बुळबुळीतच राहिली. हीच परीक्षा त्यांनी नव्या तुकडीच्या मुलांना जन्मभर शिकवली होती.

अनुपमा गाडीत बसली होती आणि तिचा हात किल्लीकडे गेला होता.

“किल्ली फिरवू नको,” आनंदराव म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही, पण त्यात असे काही होते की ती जागच्या जागी थांबली. “खाली उतर. टाकीत डिझेल पडलंय. माझ्या हातून पडलंय.”

सारजाबाई दारात आल्या. “माझ्या भावाच्या गाडीत?”

“तुझ्या भावाच्याच.”

“जन्मभर पोरांना हेच शिकवत होता का वो?”

आनंदरावांनी कॅन खाली ठेवला. इंजिन चालू झाले नव्हते, म्हणजे नुकसान टाकीपुरतेच होते. ती रिकामी करून धुतली की काम भागणार होते. पण ते काम सकाळभराचे होते, आणि अनुपमाकडे सकाळ नव्हती. ती डबा छातीशी धरून गाडीकडे पाहत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. इतक्या जवळ आलेले पुन्हा लांब जाताना पाहायची सवय असलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि आनंदरावांना पाण्यापेक्षा तोच जास्त लागला.

आवाजाने जागा झालेला रविराज बाहेर आला. त्याने एकदा गाडीकडे, एकदा वडिलांच्या हातातल्या नरसाळ्याकडे आणि मग बायकोकडे पाहिले. आत जाऊन त्याने बाईकची किल्ली, आपले हेल्मेट आणि एक शाल आणली.

“शाल गुंडाळ,” तो अनुपमाला म्हणाला. “बस. पोचवतो.”

धुक्यात त्यांचा मागचा लाल दिवा उसाच्या वळणापर्यंत दिसला.

नऊच्या सुमारास हनुमंत आपली हत्यारे घेऊन आला. तो आनंदरावांचा जुना विद्यार्थी, न्हावऱ्याला त्याचे गॅरेज होते. त्याने सगळे ऐकून घेतले, गंभीर चेहऱ्याने टाकीखाली घमेले सरकवले आणि म्हणाला, “सर, आमी असं केलं असतं तर तुमी काय केलं असतं?”

“दिवसभर नरसाळं हातात धरून उभं केलं असतं.”

“मग धरा सर जरा. मला लागणारच हाय.”

पोपटरावही येऊन ठेपले. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. “दाजी, बिचारी शाकाहारी गाडी. तुमी तिला एकदम मटण वाढलं.”

“चुकलं पोपटराव. धुऊन पुसून परत देतो.”

“गाडीचं सोडा. पोरगी पोचली का?”

“पोचली असणार. रवी घेऊन गेलाय.”

रविराज उशिरा परतला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि भुवयांवर धूळ बसली होती. तो ओसरीच्या कडेला बसून तांब्याभर पाणी प्याला. मग वडिलांकडे न पाहता म्हणाला, “पुलाच्या अलीकडं धुक्यातनं एकदम ट्रॉली आली. मागं दिवा न्हाई, काय न्हाई. हिनं पाठीत गुद्दा घातला म्हणून बिरेक लागला. न्हाईतर उसातच.” आणि थोड्या वेळाने, “सातला पाच कमी असताना उतरली. केसांत समदा फुफाटा. तशीच आत गेली.”

संध्याकाळी अनुपमा एसटीने आली. तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होते, तरी तेजश्रीने विचारलेच. “एक तारखेला या म्हणालेत,” अनुपमा म्हणाली. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शीर पटकन सापडते तुम्हांला.” एक तारखेला कशी जाणार हा प्रश्न सगळ्यांच्या मध्ये अंगणात उभा होता, पोपटरावांच्या धुऊन स्वच्छ केलेल्या गाडीशेजारी.

पोपटराव जेवायला थांबले होते. त्यांनीच विषय काढला. “मग दाजी, काय ठरलं? पेट्रोल का डिझेल?”

“आता काय राह्यलंय ठरवायला?” रविराज म्हणाला. “आजच बघितलं की. आप्पांचा हात चुकला, तर आपली काय कथा? घरात एकच इंधन पाहिजे. डिझेल.”

“बरोबर हाय पोराचं,” पोपटराव म्हणाले. सारजाबाईंनीही मान हलवली.

आनंदरावांना गंमत वाटली. त्यांच्या चुकीनेच त्यांचा जन्मभराचा कौल सिद्ध करून दिला होता. ‘हो’ म्हटले की सभा संपत होती, चूकही झाकली जात होती, आणि घरात जे येणार होते तेच त्यांना मनापासून आवडत होते. पण कार्यशाळेत त्यांनी कधी कोणाला भार न लावता इंजिन पास करू दिले नव्हते, आणि भार तर त्यांनी या आठवड्यात स्वतःच्या तळहाताने मोजला होता.

“माझा हात चुकला, त्याला औषध आहे,” ते म्हणाले. “बॅरलवर मोठं लिहून ठेवू. हाताच्या सवयीवर गाडी घ्यायची नसते. गाडी जाणार कुठं, त्यावर घ्यायची.” ते रविराजकडे वळले. “तुझी डेअरी, पतसंस्था, रान. आठवडाभर मी बॉनेट बघितलं. एकदाही ते नीट तापलं न्हाई. शोरूमातला पोरगा काय म्हणाला होता? डिझेलला लांब पळवावं लागतं, न्हाईतर काजळीची जाळी तुंबते. गाडी तुझ्याकडं राहणार असेल, तर पेट्रोल घे. माझं मत तेच. डिझेल घेतलंस तर वरसभरात हनुमंताच्या दारात उभी राहील.”

“तुमी? पेट्रोल घे म्हणताय?” रविराज म्हणाला.

“पुरतं ऐक. डिझेलही मिळेल. या घरात रोजचा लांबचा पल्ला फक्त एकाच माणसाला आहे. मांडवगण ते दौंड, आणि परत. त्या रस्त्यावर डिझेल शोभेल, परवडेल, आणि जाळीही साफ राहील. गुरुवारी बॉनेटनं माझा हात भाजला. म्हंजे हिशेब साधा आहे. डिझेल घ्यायचं तर किल्ली अनुपमाकडं. पेट्रोल घ्यायचं तर तुझ्याकडं. इंधन मी ठरवणार न्हाई. चालवणार कोण, ते तू ठरव.”

अनुपमाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पोपटरावांनी सुपारी काढली, पण अडकित्ता काही चालवला नाही.

“आन् माझी डेअरी?” रविराजने विचारले, पण त्यात पहिला जोर नव्हता.

“आजवर दुधाच्या किटल्या काय इमानात बसून जात हुत्या?” सारजाबाई म्हणाल्या.

“आन् बॅरल? घरचं डिझेल तरी...”

“ते तर मुळीच न्हाई,” आनंदराव म्हणाले. “बॅरलच्या तळाला पाणी असतं, गंज असतो. ट्रॅक्टर खपवून घेतो, ही नवी इंजिनं न्हाई खपवून घेत. ती पंपावरच भरायची. दौंडात.”

रविराजने मान खाली घातली. त्याच्या बोटांना अजून ब्रेकची आठवण असावी. तो उजव्या हाताची मूठ उघडत आणि मिटत होता. डोळ्यांसमोर डिझेल गाडीचा रुबाब होता, चौकातली मित्रमंडळी होती. आणि धुक्यातून आलेली ती ट्रॉलीही होती. आनंदरावांना त्याला घाई करायची नव्हती.

“किल्ल्या दोन मिळत्यात ना?” त्याने अखेर विचारले.

“दोन.”

“मग एक हिला.” तो उठला आणि चप्पल शोधू लागला. “डिझेलच घेऊ. आन् रविवारी मी चालवणार, आत्ताच सांगून ठेवतो.”

“रविवारी मला बसायला जागा ठेवा म्हंजे झालं,” अनुपमा म्हणाली, आणि दिवसभरात प्रथमच सगळे एकदम हसले.

पोपटरावांचा अडकित्ता चालू झाला. “दाजी, मग माझी गाडी निर्दोष सुटली म्हणायची.”

“तुमच्या गाडीनं साक्ष दिली,” आनंदराव म्हणाले. “तिला पेट्रोल भरून देतो. रवीला सांगतो भरायला. मी न्हाई भरत.”

एक तारखेला पहाटे नवी गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा टाकी आदल्याच दिवशी दौंडच्या पंपावर भरलेली होती. शेडातल्या बॅरलवर आनंदरावांनी पांढऱ्या रंगाने, स्टेन्सिल कापून, ‘फक्त ट्रॅक्टर’ असे लिहिले होते. दुपारी ते ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले. कान मात्र रस्त्याकडे होते. उसाच्या वळणावर इंजिनाचा आवाज आला, गियर एकदा बदलला, कुरकुर न करता, आणि गाडी अंगणात येऊन थांबली.

अनुपमा उतरली. तिच्या ओढणीला स्पिरिटचा वास येत होता. “आप्पा, आज सगळं वेळेवर झालं,” ती म्हणाली.

आनंदरावांनी पुढे होऊन बॉनेटवर तळवा ठेवला. चटका बसेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

“झालं खरं,” ते म्हणाले. “चांगली तापली आहे.”